मधल्या किमतीची दुर्बीण

रायपूरला थंडी उत्तरेकडून येते असं भूगोलाच्या पुस्तकात असेल. प्रत्यक्षात ती पंडरीतून येते. दसरा झाला की पंडरीचे कापडवाले एका सकाळी साड्या आत सरकवतात आणि दारावर ब्लँकेटं टांगतात. त्या दिवशी डोक्यावर पंखे फिरत असतात, दुकानदार बनियनवर बसलेला असतो. तरी जाणारा-येणारा ब्लँकेटाला हात लावतो आणि शेजारच्याला सांगतो, "ठंड आ गई." एवढी माणसं म्हणायला लागल्यावर मग नाइलाजानं थंडी येते.

काल ती ब्लँकेटं दिसली आणि मला भर बाजारात बंदुकीच्या तेलाचा वास आला. पाठोपाठ ओलसर पैऱ्याचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, आणि मग मीठ लावलेल्या जामाचा, म्हणजे पेरूचा. पंडरीत या तिन्हींपैकी काहीच नव्हतं. वास होता तो खळ लावलेल्या कोऱ्या कापडाचा आणि कचोरीचा. पण नाक हा अवयव फारसा शिकलेला नसतो. त्याला एकदा एक हंगाम आवडला की दरवर्षी तोच काढून बसतो. माझ्या नाकानं गेल्या वर्षीची थंडी अशी धरून ठेवली आहे, आणि त्याला कारण आमची कुंदाताई.

कुंदाताई माझी मोठी बहीण. रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झाली. वडील वर्ध्याकडून रेल्वेच्याच नोकरीवर इथे आले आणि स्टेशनामागे गुढियारीत घर बांधून राहिले. त्या घरात खाली आम्ही आणि वर ताई, अशी आमची वाटणी आहे. तिनं लग्न केलं नाही. का, असं विचारलं तर म्हणते, "टाइमच नाही भेटला." यात तथ्य आहे. तरुणपणी ती रेल्वेच्या नेमबाजी संघात गेली आणि तेव्हापासून तिचे रविवार पोटावर आडवं पडून, पॉइंट टू-टूची रायफल खांद्याला लावून, लांबच्या काळ्या ठिपक्याकडे बघण्यात गेले. आमच्या नातेवाइकांत तिच्या लग्न न करण्यापेक्षा या आडवं पडण्याची चर्चा जास्त झाली. "पोरीची जात, चांगली शिकली सवरली, अन् मातीत लोळून राहिली," असं एक काका शेवटपर्यंत म्हणत असत.

तर त्या थंडीआधी ताईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. मोतीबिंदू निघाला, लांबचं दिसणारं भिंग बसलं, आणि ती गच्चीवरून रेल्वेच्या मालधक्क्यावरच्या डब्यांचे नंबर वाचायला लागली. सगळे खूश. ताई सोडून. कारण साध्या रायफलीवर एक मागची खूण असते, नळीच्या टोकाला एक पुढची खूण असते, आणि पलीकडे कागदावरचा ठिपका. तिन्ही एका रेषेत आणायचे. तरुण डोळा या तिघांमध्ये पोस्टमनसारखा ये-जा करतो. ताईच्या नव्या डोळ्याला ठिपका लख्ख दिसायचा आणि पुढची खूण दुधात पडलेल्या केसासारखी पुसट.

"लांबचं सगळं दिसून राहिलं, बापू," ती म्हणाली. "हातातलंच दिसत नाही."

मी पुष्कळ तत्त्वज्ञान वाचलेलं आहे. त्यातल्या बऱ्याच जाड ग्रंथांचं म्हणणं एवढंच असतं, फक्त त्यांना पानं जास्त लागतात.

अंबाडीची भाजी निवडता निवडता तिनं पुढचंही सांगून टाकलं. चैत्रात रायफलीच्या लायसनची मुदत संपत होती. "या थंडीत जमलं त ठीक. नाही जमलं त रायफल देऊन टाकते. लायसन बी." आणि वाईट पानं बाजूला काढत राहिली. आमची ताई आवाज न चढवता बोलते; आणि म्हटलेलं करतेच. माझ्या बायकोनं माझ्याकडे पाहिलं, मी भाजीकडे पाहिलं. रायफल नसलेली कुंदाताई रविवारी काय करेल, हे आमच्या घरात कुणालाच सुचेना.

वाट एकच होती. रायफलीवर दुर्बीण बसवायची. दुर्बिणीत बघताना फुलीची खूण आणि लांबचा ठिपका एकाच पातळीवर दिसतात, डोळ्याला ये-जा करावी लागत नाही. आमच्या रायफल क्लबची पौषात एक स्पर्धा होते, धान घरात आल्यावर, सगळ्यांचे हात मोकळे झाल्यावर. तिच्या ज्येष्ठ गटात दुर्बीण चालते. अंतर दोनशे मीटर. मोठ्या रायफलीला हे काहीच नाही. पण पॉइंट टू-टूची गोळी म्हणजे हरभऱ्याएवढा जीव, दोनशे मीटर जाताजाता ती दमलेल्या वाटसरूसारखी खाली बसत जाते. म्हणून दुर्बिणीवरचा नॉब फिरवून तेवढा नेम वर उचलावा लागतो. हे उचलणं दुर्बीण किती इमानानं करते, तिथे तिची किंमत कळते.

किमतीचं म्हणाल तर त्या विषयावर आमच्याकडे अधिकारी पुरुष होता. क्लबचे अध्यक्ष, ज्यांना सगळे बडे भैया म्हणतात. घरची राइस मिल, झुपकेदार मिशा, आणि परदेशी दुर्बीण. ती दुर्बीण चामड्याच्या पेटीत, पेटीत मखमल, मखमलीवर एक वेगळा मऊ रुमाल, अशा थाटात राहायची. लग्नातल्या नवरदेवाचं एवढं आवरलेलं मी पाहिलेलं नाही. नव्या माणसाला भेटताना बडे भैया आधी दुर्बिणीची ओळख करून देत आणि वेळ उरला तर स्वतःची.

"दीदी," ते ताईला म्हणाले, "लॉन्ग रेंज में बीच का कुछ नहीं होता. या राजा, या प्यादा."

"भैया," ताई म्हणाली, "शतरंज में ऊँट-घोड़े भी होते हैं. मैं तो उन्हीं से खेलती हूँ."

सदर बाजारात, सराफांच्या ओळीत, एक जुनं बंदुकांचं दुकान आहे. बाहेर स्कूटरींचा असा गोंधळ की दुकानात शिरायला आधी तीन हँडलांची परवानगी घ्यावी लागते. आत मात्र पितळी शांतता. काउंटरच्या काचेत तीन दुर्बिणी होत्या. एक स्वस्त, तिच्यातून बघितलं की समोरच्या सोन्याच्या दुकानाला इंद्रधनुष्याची किनार दिसायची. एक महाग, तिच्यातून सराफाच्या नाकावरचा तीळ दिसला. आणि मधली. तिच्यातून सराफ दिसला. तीळ आहे असं वाटलं.

मधलं घेणं हा आमच्या घराण्याचा धर्म आहे. आम्ही चहापत्ती मधली घेतो, प्लास्टिक पेंट मधला लावतो, मुलीच्या शाळेपासून डोक्याखालच्या उशीपर्यंत सगळं मधल्या फळीवरचं. त्यामागे विचार असा की वरच्याला माज असतो आणि खालच्याला आयुष्य नसतं. दुकानदारानंही तेच आपल्या भाषेत सांगितलं. "ये ले जाइए, दीदी. न झूठ बोलेगी, न शेखी मारेगी." ताईनं ती घेतली. पण रायफलीवर लगेच चढवली नाही. नवरात्र सुरू होतं. चढवायची ती दसऱ्याच्या मुहूर्तावर. चाळीस वर्षं नेमबाजी करणारी, वाऱ्याचा वेग गवताच्या पात्यावरून सांगणारी बाई. पण मुहूर्त म्हटला की आम्ही सगळे वर्ध्याचे.

तोवर गच्चीवर परीक्षा सुरू झाली. तांदळाचं अर्धं पोतं कठड्यावर आडवं टाकायचं, त्याला मुठीनं खळगा करायचा, आणि त्यात दुर्बीण ठेवून मालधक्क्याकडे बघायचं. ताई चष्म्यासकट बघायची. चष्मा काचेला न टेकता पूर्ण चित्र दिसतं का, हे पहिलं. मग डोकं जरा डावी-उजवीकडे हलवून फुलीची खूण लांबच्या डब्यावरून सरकते का, ते दुसरं. सरकली तर अंतराची कडी फिरवून ती स्थिर करायची. आणि तिसरी परीक्षा संध्याकाळची. ऊन उतरायला लागलं की एका डब्यावरचा नंबर धरून बसायचं आणि तो कधी विरघळतो ते बघायचं. गुढियारीची संध्याकाळ धुराची असते. चुली, इंजिनं, आणि रस्त्यावर उडणारं धानाचं तूस, यांतून उजेड गाळून येतो. त्या पिवळट उजेडात मालाचा डबा हळूहळू हत्तीसारखा होत जायचा, आणि ताई पुटपुटायची, "चार दिसून राहिला… चार दिसून राहिला… आता नऊ बी असू शकते."

या कार्यक्रमाला प्रेक्षक जमले नसते तर गुढियारी ती कसली. शेजारच्या गच्चीवरून साहू काकी रोज बघायच्या. ताईपेक्षा वयानं बऱ्याच मोठ्या, त्यामुळे ताई त्यांच्या लेखी अजून नोनी, म्हणजे मुलगी.

"का देखत हस, नोनी? चंदा दिखही का एमा?"

"चंदा नाही, काकी. रेलगाडी दिखेगी."

"मोला घलो देखा."

मलाही दाखव, म्हणून काकी कठडा ओलांडूनच आल्या. पदर सावरून त्यांनी डोळा लावला, बराच वेळ नुसत्या श्वास घेत राहिल्या आणि मग ओरडल्या, "ददा रे! मालगाड़ी म कुकुर बइठे हे!" मालगाडीवर खरंच एक कुत्रं बसलेलं होतं. साध्या डोळ्यांनी आम्हाला ते कधीच दिसलं नसतं. दुसऱ्या दिवशी साऱ्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, बातमी झाली की मराठीन दीदीच्या यंत्रातून रेल्वेचं कुत्रंसुद्धा दिसतं, आणि दोन घरांनी आपल्या गच्चीवरचे कपडे जाड दोरीवर एका ओळीत, पडद्यासारखे वाळत घातले.

मग दसरा आला.

आमचा क्लब गावाबाहेर एका जुन्या, बंद पडलेल्या दगडाच्या खदानीत आहे. पुढे खदानीची उभी भिंत, मागे धानाचे बांध. एरवी तिथे दोन टेबलं, एक लाल झेंडा आणि पाण्याचा माठ असतो. दसऱ्याला शामियाना असतो. माइक असतो. माइक नसला तर बडे भैयांना देवी ऐकणार नाही अशी भीती वाटते. त्यांनी एक प्रथा पाडली आहे: आयुधाची पूजा उघड्या अंगानं व्हावी. म्हणून सगळ्या रायफलींवरून दुर्बिणी, त्या धरणाऱ्या कड्या, सगळं काढून लाल कापडावर ओळीनं मांडायचं. तेल, उदबत्ती, नारळ झाले. मग बडे भैयांनी तासभर वाटेल असं भाषण केलं. त्यात इतिहास होता, संस्कार होते, आणि राइस मिलही होती. शेवटी चांदीच्या परातीतून कुंकवात भिजवलेल्या अक्षतांची ओंजळ भरून ते म्हणाले, "फूल तो सब चढ़ाते हैं. हम धान के देश के लोग हैं." आणि ओंजळीवर ओंजळ उधळली. तांदूळ लोखंडावर पडताना छान बारीक आवाज होतो, पत्र्यावर पडणाऱ्या पहिल्या चुरमुऱ्यांसारखा. मी मागे उभा होतो. रायफलींचा सत्कार प्रमुख पाहुण्यांपेक्षा चांगला झाला, एवढी माझ्या मनात नोंद झाली. मग सगळ्यांनी फडक्यानं पुसून आपापलं जोडलं. ताईनंही मधल्या किमतीची दुर्बीण मुहूर्तावर चढवली, स्क्रू आवळले, आणि देवीला नमस्कार केला.

दिवाळीनंतरचे रविवार म्हणजे स्वर्ग असतो, असं म्हटलं तर आमच्या गावाचा फार गौरव होईल. पण त्या खदानीत सकाळी ते खोटं वाटत नाही. कापलेल्या धानाची खुटं दवानं भिजलेली, त्यांतून पांढरे बगळे फार महत्त्वाचं काम असल्यासारखे हिंडतात. रस्त्यावरून धानानं लादलेले ट्रॅक्टर मंडीकडे जात असतात, एकेकाच्या टोकावर माणूस झोपलेला. आम्ही पैऱ्याच्या गठ्ठ्यावर बसायचो, थर्मासचा चहा, चिरलेले जाम आणि कागदाच्या पुडीत मीठ. ताई आडवी झाली की खदान गप्प व्हायची. मग बारीक, कोरडा 'टप्प'. पॉइंट टू-टूला गर्जना येत नाही. कुणीतरी लांब अक्रोड फोडल्यासारखं वाटतं.

परीक्षा सोपी होती आणि निर्दय होती. नेम सतत एकाच ठिपक्यावर. थोड्या गोळ्या मारायच्या, कागदावर एक झुबका पडतो. मग नॉब उजवीकडे ठरावीक खटके फिरवायचा, पुन्हा मारायचं. मग वर, मग डावीकडे, मग खाली. कागदावर भोकांचा चौकोन व्हायला पाहिजे, आणि शेवटचा झुबका बरोबर पहिल्यावर येऊन बसला पाहिजे.

"जिथून निघाली तिथं परत आली पाहिजे," ताईनं समजावलं. "बाकी दिसणं-बिसणं ठीक आहे. परत येते का नाही, ते पाहायचं."

मी कागद आणायला गेलो. चौकोन नव्हता. पहिला झुबका एकीकडे आणि शेवटचा त्याच्यापासून वीतभर वर, रुसून बसल्यासारखा.

"काय झालं?"

"ताई, चौकोन नाही झाला. नागमोडी काहीतरी झालं."

ती कागदाकडे बघत राहिली. मागून बडे भैयांचा आवाज आला. "दीदी, हमने बोला था."

पुढच्या रविवारी पुन्हा तेच, फक्त वेगळ्या दिशेला. त्याच्या पुढच्या रविवारी त्याहून वाईट. गंमत अशी की त्या हंगामात बडे भैयांच्या गोळ्याही भटकत होत्या. पण त्यांच्या दुर्बिणीवर संशय घेणं म्हणजे त्यांच्या मिशांना नकली म्हणण्यासारखं होतं. म्हणून दोष हवेला दिला गेला. हवा तपासायची निशाणं काठ्यांवर चिंध्यांसारखी निश्चल लोंबत होती. बडे भैयांनी त्यांच्या जागी आणखी मोठी निशाणं मागवली. मी हे लक्षात ठेवलं आहे. महाग वस्तू चुकली की हवा वाईट असते. मधली वस्तू चुकली की ती मधली असते. माणसांच्या बाबतीतही हाच नियम चालताना मी कचेरीत बघतो, पण तो विषय निवृत्तीनंतरचा.

तिसऱ्या रविवारी परतताना ताईनं स्कूटरवर मागे बसून रायफलीची पिशवी मांडीवर घट्ट धरलेली. एक ट्रॅक्टर पुढे होता, त्याच्यातून धान गळत होतं आणि रस्त्यावर चिमण्या उतरत होत्या. गुढियारीच्या रेल्वे फाटकाशी आम्ही थांबलो, मी सवयीनं जाणाऱ्या मालगाडीचे डबे मोजत होतो, तेव्हा ती म्हणाली, "परत करून टाकू."

"दुर्बीण?"

"आधी दुर्बीण."

त्या 'आधी'मुळे माझी पुढची सगळी मालगाडी न मोजताच निघून गेली.

सोमवारी कचेरीला सुटी होती, म्हणून मी खाली निवांत दाढी करत होतो. वर गच्चीवर ताई वर्तमानपत्र पसरून बसली होती. दुर्बीण सोडवून, पुसून, डब्यात घालून सदर बाजारला न्यायची होती. पलीकडे साहू काकी सुपात तांदूळ पाखडत होत्या. ते सपसप मला ऐकू येत होतं. मग सपसप थांबलं. आणि मग ताईचं हसणं. आमच्या ताईला हसताना मी पाहिलं आहे, पण ते ओठांनी. हे पोटातलं होतं, उसळ्या मारणारं, मध्येच श्वास अडकणारं.

"बापू! अबे वर ये! लवकर ये!"

मी अर्ध्या गालाच्या फेसानिशी वर गेलो. ताईनं रायफल माझ्या नाकाखाली धरली. जिथे दुर्बिणीची मागची कडी बसते, तिथल्या पट्टीवर एक गुलाबी डाग होता, आणि डागात चिरडलेली, लोखंडाला चिकटून बसलेली तांदळाची कणी.

"हे पाह्य," ती डोळे पुसत म्हणाली. "बडे भैयाचा आशीर्वाद."

ओल्या कुंकवाची अक्षत तिथे चिकटून सुकली होती आणि आम्ही मुहूर्तावर, भक्तिभावानं, तिच्यावर दुर्बीण आवळली होती. दर गोळीच्या धक्क्याला कणी थोडी दळली जायची, दुर्बीण केसभर कलायची. इथे केसभर म्हणजे तिकडे वीतभर. मधल्या किमतीची दुर्बीण महिनाभर इमानानं नेम धरून होती; तिच्या पायाखालचा दाणाच हलत होता.

काकीही कठड्यावरून वाकल्या, कणी बघितली आणि त्यांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. "चाउर त कहूँ घलो खुसर जाथे, नोनी," त्या म्हणाल्या. तांदूळ काय, कुठेही शिरतो. आणि पुन्हा सूप हलवायला लागल्या.

त्यानंतरचा रविवार मी कितीही वेळा आठवायला तयार आहे. दव जास्त होतं, भिंत अजून गार होती, त्यामुळे दगडावरून उठणारी वाफ नव्हती आणि ठिपका भाताच्या आधणातून दिसावा तसा थरथरत नव्हता. उजवीकडे, वर, डावीकडे, खाली. मी कागदाकडे चालत गेलो. चौकोन होता. चार कोपरे, नीट, आणि सुरुवातीच्या झुबक्यातच शेवटच्या गोळ्या घुसलेल्या, एका भोकाला दुसऱ्या भोकानं मिठी मारल्यासारख्या. मी कागद काढला आणि वयाला, पोटाला आणि सरकारी नोकरीला न शोभेल अशा तऱ्हेनं पळत आलो. बगळे उडाले. ताईनं कागद बघितला नाही. माझ्याकडे बघितलं आणि कपाळ चटईला टेकवलं. खांदे हलत होते. हसत होती की काय करत होती ते मी विचारलं नाही. मी जामाला मीठ लावून तिच्यासमोर धरला.

"परत आली?" ती चटईतूनच म्हणाली.

"आली. घरच्या घरी."

तिनं बडे भैयांना तिथल्या तिथे सांगितलं, चार लोकांत नाही, बाजूला नेऊन. "भैया, आपकी भी एक बार खोल के देख लो."

"हमारी?" बडे भैयांनी मिशीवर हात ठेवला. "दीदी, उसमें हवा भी पूछ के जाती है."

पण पुढच्या रविवारी आम्ही लवकर पोचलो तर त्यांची गाडी आमच्या आधी उभी. माठाच्या मागे, आमच्याकडे पाठ करून, बडे भैया उकिडवे बसले होते. शेजारी मखमलीची पेटी उघडी, एका हातात स्क्रूड्रायव्हर, तळहातावर काहीतरी. आम्हाला बघून त्यांनी मूठ मिटली. मग, बहुधा मूठ मिटण्यात राजाची शोभा नाही असं वाटून, उघडली. दोन दाणे. गुलाबी.

त्यांची नजर दाण्यांवरून मोठ्या निशाणांकडे गेली, निशाणांवरून ताईकडे आली.

"दीदी," ते गंभीरपणे म्हणाले, "चावल अपनी ही मिल का है. देखिए, टूटा कितना कम है."

आणि मग स्वतःच असे हसले की पेटीतला मऊ रुमाल डोळ्यांना लावावा लागला. त्या दिवशी क्लबात नेमबाजी झालीच नाही. सगळ्यांनी आपापल्या रायफली उघडल्या, आणि जिथे तिथे तांदूळ निघाला. एका रायफलीत तर कणीला मुंगी लागली होती. मी बडे भैयांना ओळखायला शिकलो त्या दिवशी. थाटामाटावर माझा विश्वास अजूनही नाही, पण ज्याला आपल्याच उधळलेल्या अक्षतांवर हसता येतं त्याच्या मिशा खऱ्या असतात.

पौषातली स्पर्धा एका दातांच्या डॉक्टरांनी जिंकली. दसऱ्याला ते सासुरवाडीला गेले होते, त्यामुळे त्यांची रायफल पूजेला नव्हती आणि सराव अखंड झाला होता. ताई दुसरी आली. "मधलाच नंबर भेटला," ती म्हणाली आणि पितळी पेला माझ्या बायकोकडे दिला. त्यात आता आमच्याकडे चमचे असतात.

दुर्बिणीबद्दल माझं मत कुणी विचारलं तर आता मी देऊ शकतो. कडेला चित्र जरा मऊ होतं. संध्याकाळी बड्या दुर्बिणीपेक्षा ती थोडी आधी दमते. चाराचा नऊ होतो. अंतराची कडी थंडीत कडक होते आणि तिच्यावर छापलेले आकडे साधारण अंदाज म्हणून घ्यावेत, ज्योतिषासारखे. नॉबचा खटका बोटाला ठसठशीत लागत नाही. कान द्यावा लागतो. पण ती परत येते. कितीही फिरवा, निघाली तिथे येऊन बसते. एखाद्या वस्तूबद्दल, किंवा माणसाबद्दल, याहून जास्त चांगलं लिहायची वेळ माझ्यावर क्वचित आली आहे.

चैत्रात ताईनं लायसनची मुदत वाढवून घेतली. त्याची बातमी तिनं दिली नाही. रविवारी सकाळी पिशवी खांद्याला लावून ती खाली आली आणि म्हणाली, "चाल, उशीर होऊन राहिला."

आणि हा परवाचा दसरा. शामियाना तोच, माइक तोच, लाल कापड तेच. भाषणातला इतिहास थोडा वाढला होता. पण उघड्या रायफलींवर या वेळी भाताच्या मोठ्या पातेल्यांची झाकणं ठेवलेली होती, प्रत्येकानं आपापल्या घरून आणलेली, आणि त्या ओळीकडे पाहिलं तर कुठल्याशा पंगतीची तयारी वाटत होती. बडे भैयांनी ओंजळ भरली. भरली आणि थांबले. अक्षता तर टाकल्याच पाहिजेत. टाकायच्या कुठे, हा प्रश्न होता.

"भैया," ताई पुढे झाली. "लोहे पे मत डालो. मेरे सिर पे डालो."

तिनं डोकं खाली केलं. पांढऱ्या केसांचा भांग, मानेवर चष्म्याची दोरी. बडे भैया क्षणभर गोंधळले, मग दोन्ही हातांनी, एरवीचा आवेश सोडून, सावकाश त्यांनी ओंजळ तिच्या डोक्यावर सोडली. मागचे लोक आपल्या आपण पुढे आले आणि प्रत्येकानं परातीतून चिमूटभर घेऊन टाकली. तांदूळ केसांवर पडताना आवाज होत नाही. माझ्या बहिणीच्या डोक्यावर अक्षता पडताना मी पहिल्यांदा बघत होतो, आणि माझ्या हातातली चिमूट टाकायची राहून गेली.

मग ताई चटईवर आडवी झाली. दुर्बीण चढवली होती, पट्टी तिनं स्वतः तीनदा पुसली होती. टप्प. केसांतून एक गुलाबी दाणा ओघळून रायफलीच्या दिशेनं चालला, तसा तिनं तो डाव्या हातानं अलगद झेलला, तोंडात टाकला, आणि पुढची गोळी भरली.